सहाच्या आकड्याखालची अक्षरं

बाबांचा फोन आला तेव्हा मी न्यूशातेलच्या तळ्याकाठी बसची वाट पाहत होते. "तू त्या घड्याळांच्या मुलखातच आहेस," ते म्हणाले, "तर माझ्यासाठी एक साधं घड्याळ बघ. सेलचं नको. चावीचं बघ." इतकंच बोलले. बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, त्यामुळे फोन ठेवल्यावरही ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

बाबा सांगली स्टँडवर एस.टी.चे कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली, याची नोंद ठेवायची हे त्यांचं काम, आणि ते करताना मनगटावर आजोबांचं घड्याळ असायचं. वेस्ट एंड वॉच कंपनीचं 'सोवार प्रायमा'. सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. काचेवर चरा पडला की बाबा बोटावर टूथपावडर घेऊन ती प्लॅस्टिकची काच चोळत बसत, आणि ती खरोखरच पुन्हा स्वच्छ व्हायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. माणसं आणि कागदपत्रं वर हलवली. घड्याळ कपाटाच्या खणात राहिलं. पाणी उतरल्यावर बाबा ते घेऊन घड्याळजींकडे गेले. त्यांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि काही न बोलता भिंग बाबांच्या हातात दिलं. आत सगळं तांबूस झालं होतं. "साफ करून देईन, साहेब," ते म्हणाले, "पण याचे पार्ट आता कुठून आणू?" त्या दिवसापासून बाबांचं मनगट मोकळंच होतं.

जानेवारीत त्यांची पंचाहत्तरी. मी सहाशे फ्रँक बाजूला काढले आणि दुकानं पालथी घालायला निघाले.

मला घड्याळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. दुकानात गेलं की प्रश्न माझ्यावरच उलटायचे. किती मिलिमीटर? ऑटोमॅटिक की हाताने चावी द्यायचं? कुठलं मशीन? काच सफायरची हवी का? एकाच किमतीची, जवळजवळ एकसारखी दिसणारी पाच घड्याळं समोर मांडली जायची आणि त्यांतलं चांगलं कुठलं हे मला काही केल्या ठरवता येत नसे. सगळ्यांच्या तबकडीवर, अगदी तळाशी, सहाच्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीएवढी अक्षरं: 'स्विस मेड'. मी त्या दोन शब्दांवर विसंबून होते. स्वित्झर्लंडमध्ये बनलंय म्हणजे झालं, असं.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईंनी एक पत्ता दिला. ला शो-द-फाँ गावात एक छोटी स्वतंत्र कंपनी आहे, दोनच माणसं, दुकान नाही, थेट विकतात. किंमत ५८० फ्रँक. कंपनीचं नाव इथे देत नाही. मला सांगायचंय ते एका कंपनीबद्दल नाही, तसलं घड्याळ हातात आल्यावर माझ्यासारखीने काय बघावं याबद्दल आहे.

न्यूशातेलहून गाडी डोंगर चढते. मध्ये शाँब्रलियँ नावाच्या स्टेशनात ती थांबते आणि उलट्या दिशेने निघते, इतका चढ आहे. गाव सुमारे हजार मीटर उंचीवर. १७९४ च्या आगीत जुनं गाव जळालं आणि मग ते पाटीवर रेघा ओढाव्यात तसं सरळ समांतर रस्त्यांचं बांधलं गेलं. घरांना खिडक्याच खिडक्या, कारण आत घड्याळाचं काम चालायचं आणि त्याला उजेड हवा. युनेस्कोने २००९ मध्ये हे गाव आणि शेजारचं ल लोक्ल जागतिक वारसा म्हणून नोंदवलं, ते घड्याळांसाठी बांधलेली गावं म्हणूनच.

कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीला लागून छातीएवढ्या उंचीचं टेबल, त्यावर काचेच्या घुमटांखाली झाकलेली अर्धवट घड्याळं. मालकाने माझ्या हातात घड्याळ दिलं. ३८ मिलिमीटर, पांढरी तबकडी, निळे काटे, तारखेची खिडकी. मला ते पाहताक्षणी आवडलं, आणि म्हणूनच मी सावध झाले. मी माझी वही काढली आणि विचारलं, "यातलं तुम्ही काय काय बनवता?"

त्यांनी एकेक भागावर बोट ठेवत सरळ सांगितलं. मशीन सेलिटाचं, याच गावातल्या कारखान्यातलं, एसडब्ल्यू २००. केस आशियातून येते. काटे आणि तबकडी स्वित्झर्लंडमधल्याच दोन वेगवेगळ्या कारखान्यांतून. काच बाहेरची. पट्टा इटलीचा.

माझा चेहरा पडला असणार. मी म्हटलं, "मग तुमचं यात काय?"

"रेखाटन आमचं, निवड आमची, जोडणी आणि तपासणी या टेबलावरची. आणि बिघडलं तर जबाबदारी आमची." मग ते म्हणाले, "परतीच्या गाडीला वेळ असेल तर खाली म्युझियम बघून जा."

त्या क्षणी मला फसवल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायलाच हवं. बाबांना मी काय सांगणार होते, स्विस घड्याळ म्हणून सुटे भाग जोडून दिले? पण म्युझियममध्ये गेले आणि तिथल्या तीन तासांनी माझं मत बदललं. हे आंतरराष्ट्रीय घड्याळ-संग्रहालय १९०२ पासूनचं, हल्लीची इमारत १९७४ ची, बरीचशी जमिनीखाली. या डोंगरांतली घड्याळं कधीच एका छपराखाली बनत नव्हती, हे मला तिथे समजलं. हिवाळ्यात बर्फाने शेत झाकलं की एका घरात चाकं कातायची, दुसऱ्या घरात स्प्रिंगा, तिसऱ्यात तबकड्यांवर मिन्याचं काम. कुणीतरी एक जण ते सगळे भाग गोळा करायचा, जोडून घ्यायचा, तपासायचा आणि आपल्या नावाने विकायचा. या पद्धतीला ते एटाब्लिसाज म्हणतात. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चाललं होतं ते नवं काहीच नव्हतं. त्या गावाचा जुना धंदाच तो होता.

आणि बाबांचं वेस्ट एंड? ते नाव १८८६ पासूनचं, आपल्या इकडच्या बाजारासाठी घेतलेलं. घड्याळं तयार व्हायची इथून डोंगरापलीकडच्या सँतिमिए गावात. लॉन्जीन त्याच गावातली, आणि वेस्ट एंडच्या काही जुन्या घड्याळांत मशीन लॉन्जीनचं असे. आजोबा ज्या घड्याळावर जीव टाकत, त्या नावाचीही घड्याळं एकाच्या नावाने आणि दुसऱ्याच्या मशीनने चालत आली होती. मग मी या दोन माणसांना कुठल्या तोंडाने नावं ठेवणार?

'स्विस मेड'चा नियमही मी तेव्हा नीट समजून घेतला. १ जानेवारी २०१७ पासून तो असा आहे की घड्याळाच्या निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा, मशीन स्विस असावं, ते केसमध्ये इथेच बसवलेलं असावं आणि शेवटची तपासणी इथेच झालेली असावी. मशीन हाच अशा घड्याळातला महागडा भाग, त्यात इथली मजुरी. त्यामुळे केस बाहेरून आणूनही साठ टक्के भरतात. एखाद्या घड्याळावर 'स्विस मूव्हमेंट' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आणखी तोकडा: मशीन स्विस, बाकीचं काहीही. म्हणजे सहाच्या आकड्याखालची अक्षरं खोटी नसतात, पण ती सगळं सांगतही नाहीत. काटे सरळ बसलेत का, आत धूळ राहिलीय का, दहा वर्षांनी ते कोण उघडेल, यातलं काहीच ती सांगत नाहीत. ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

चौदा दिवसांत परत करायची सोय होती, म्हणून मी घड्याळ घेऊन घरी आले आणि चौदा दिवस ते तपासत राहिले.

पहिल्याच रात्री चूक केली. तारीख एक दिवस मागे होती, ती मी साडेदहाला बटण ओढून पुढे केली. मग सोबतची पुस्तिका वाचली, तर त्यात लिहिलं होतं की रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख अशी बदलू नये; त्या वेळात तारीख ढकलणारं चाक आतून आपलं काम करत असतं आणि बाहेरून जोर दिला तर दाते मोडू शकतात. माझ्या पोटात गोळा आला. मध्यरात्रीपर्यंत जागून तारीख नीट बदलते का हे पाहिलं. बदलली. पण ही गोष्ट घड्याळ हातात देतानाच सांगायला हवी होती, असं मी त्यांना कळवलं. बाबांसाठी मी ती मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून डबीत ठेवली.

रोज सकाळी आठला मोबाइलच्या घड्याळाशी ताडून वहीत आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी नऊ सेकंद पुढे. मग सात, आठ, सहा. चौदा दिवसांत एकूण एक मिनिट एकेचाळीस सेकंद, म्हणजे दिवसाला सात सेकंदांच्या आसपास पुढे. आधी मला हे वाईट वाटलं, कारण माझं साधं सेलचं घड्याळ महिन्यालाही इतकं चुकत नाही. पण दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात. स्प्रिंगवर चालणारं, दिवसभर हाताबरोबर हेलकावणारं, थंडी-उकाडा सोसणारं यंत्र त्यात सातच चुकतं. इथे क्रोनोमीटरचं अधिकृत प्रमाणपत्र ज्या मशीनला मिळतं, त्यालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. ५८० फ्रँकच्या, प्रमाणपत्र नसलेल्या घड्याळाने त्याच्या इतक्या जवळ यावं हे मला मनापासून कौतुकाचं वाटलं.

एका शुक्रवारी रात्री आठला घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला सेकंदकाटा थांबला. ३९ तास. कागदावर ४१ लिहिलेत. मी दिवसभर टेबलाशी बसूनच काम करते, तेव्हा स्प्रिंग पूर्ण भरली नसावी. मला तेवढे पुरे वाटले.

काच सफायरची आहे. कठीणपणाच्या मापात हिरा दहावर, सफायर नऊवर, वाळूतला क्वार्ट्झ सातवर. म्हणून आपल्याकडच्या धुळीने तिच्यावर चरे पडणार नाहीत, मात्र फरशीवर कोनात आपटली तर फुटू शकते. पाण्याचं ५० मीटर लिहिलंय, त्याचा अर्थ पन्नास मीटर खोल बुडी मारा असा नव्हे. हात धुणं, पाऊस, एवढ्याला ते ठीक. कृष्णेच्या पुरात चार दिवस राहील असं कुणीही समजू नये.

भिंगातून मी जे पाहिलं ते मात्र सविस्तर सांगते. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग आणलं होतं. खिडकीशी उजेडात बसून तबकडी बघायला लागले आणि पहिला अर्धा तास नुसती गुंगून गेले. काट्याचा निळा रंग बाजूने पाहिला तर जांभळा दिसत होता. मिनिटांच्या रेघा काळ्या शाईच्या, पण शाईला उंची होती, बारीक बांधासारखी. तीन वाजता तासकाटा बरोबर तीनवर होता आणि मिनिटकाटा बरोबर बारावर. ते दोन्ही जुळणं हे जोडणाऱ्याच्या हाताचं काम. मग सातच्या आकड्याजवळ, काचेच्या आत, एक तंतू दिसला. कापसाचा असावा, पापणीच्या केसाहूनही बारीक, एका टोकाने तबकडीला चिकटलेला. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता, पण एकदा पाहिल्यावर मला दुसरं काही दिसेना. तो सुटून काट्यांत किंवा मशीनमध्ये गेला तर?

मी फोटो काढून पाठवला. वाद घालतील अशी माझी तयारी होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं.

म्हणून मला घड्याळ उघडताना पाहायला मिळालं. मालकाच्या सोबतच्या बाईंनी रबरी बोटमोजे घातले, मागचं झाकण फिरवून काढलं, चावीचा दांडा सोडवला आणि मशीन काट्यांसकट बाहेर काढलं. हिरवट मऊ पिठासारख्या एका काडीने त्यांनी तो तंतू टिपला. मग घड्याळ मिटून त्यांनी एका छोट्या यंत्राच्या चिमट्यात धरलं. टाइमग्राफर म्हणतात त्याला. त्यात मायक्रोफोन असतो. तो घड्याळाचे ठोके ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रेघ उमटवतो. आजोबांच्या काळातली बहुतेक घड्याळं सेकंदाला पाच ठोके द्यायची. याचे आठ, तासाला २८,८००. पडद्यावर अधिक सहा सेकंद आणि २८५ अंश. बॅलन्सचं चाक प्रत्येक झोक्यात मधल्या स्थितीपासून एका बाजूला किती वळतं तो हा दुसरा आकडा. २७० ते ३१० च्या दरम्यान असला तर मशीनची तब्येत उत्तम समजायची. त्यांनी घड्याळ पालथं केलं, उभं केलं, चावी खाली करून धरलं. दर वेळी रेघ थोडी कलायची, ठिपके मात्र विस्कटले नाहीत. यंत्राच्या स्पीकरमधून तो टिकटिकाट मोठ्याने ऐकू येत होता. आजोबांचं घड्याळ कानाला लावून मी लहानपणी जो आवाज ऐकला होता, त्याचाच हा जलद, तरुण आवाज.

तंतू राहायला नको होता. तपासणी या टेबलावरची म्हणणाऱ्यांनी तो पाहायलाच हवा होता. पण चूक त्यांनी माझ्यासमोर उघडून, माझ्यासमोर दुरुस्त केली, आणि एका दिवसात.

खरा प्रश्न उरला होता तो सांगलीचा. दोन माणसांची कंपनी. पंधरा वर्षांनी ती असेलच असं कोण सांगणार? बाबांच्या वेस्ट एंडला पाण्याने बुडवलं, पण पार्ट न मिळण्याने ते बुडलेलंच राहिलं. म्हणून मी बाबांना त्याच घड्याळजींकडे पाठवलं आणि फोनवर व्हिडिओ सुरू केला. घड्याळाच्या मागे काच आहे, त्यातून मशीन दिसतं. मी ते कॅमेऱ्यासमोर धरलं. घड्याळजीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ताई, जरा हलवा बघू." आतलं वजन गर्रकन फिरलं.

"हा तर एटाचा नमुना," ते म्हणाले. "अठ्ठावीस चोवीसची जात. अशी बरीच उघडलीत मी. पार्ट मुंबईहून येतात."

त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. एटा कंपनीचं २८२४ हे मशीन १९७० च्या दशकापासून जगभरच्या घड्याळांत बसत आलंय. एटा ज्या स्वॉच समूहाची, त्याने २००२ मध्ये बाहेरच्यांना सुटी मशीनं देणं आटोक्यात आणायचं जाहीर केलं. तोवर एटाचीच मशीनं जोडून देणाऱ्या सेलिटाने मग त्याच आराखड्यावर, पेटंटची मुदत संपलेली असल्याने, स्वतःचं एसडब्ल्यू २०० उभं केलं. छोट्या कंपन्या त्यावर जगल्या. घड्याळाचे शौकीन या मशीनला सामान्य म्हणतात, कारण ते शेकडो नावांच्या घड्याळांत सापडतं. मला मात्र त्याचं सामान्य असणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. जे मशीन सगळीकडे आहे, ते सांगलीच्या मारुती रोडजवळच्या गल्लीतही उघडता येतं.

मग मी मालकांना शेवटचं एकच मागितलं. मशीन कुठेही दुरुस्त होईल, पण काच, चावीचं बटण आणि पाणी अडवणारी रबरी रिंग याच केसच्या मापाची. त्यांनी तिन्हीचा एकेक जादा नग छोट्या पाकिटात घालून दिला, वर मापं लिहून. पैसे घेतले, आणि घ्यायलाच हवे होते.

नावडलेलंही सांगते. अंधारात चमकणारा रंग तासाभरात विझतो. इटलीचा पट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ होता. सांगलीत दीडशे रुपयांत मऊ पट्टा मिळाला, तो बाबांना जास्त आवडला. मशीनवर कसलीही नक्षी नाही, मागे काच ठेवायचीच होती तर थोडी असायला हवी होती. मापाच्या बाबतीत मी आधीच काळजी घेतली होती. ३८ मिलिमीटरचं वर्तुळ आणि पट्टा अडकतो तिथपर्यंतची ४६ मिलिमीटरची लांबी कागदावर काढून पाठवली होती. बाबांनी तो कागद कापून मनगटावर ठेवला आणि आईला विचारून 'चालेल' असं कळवलं होतं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीने चावी घेतं, आणि पंचाहत्तरीच्या माणसाचा हात दिवसभरात तेवढा हलत नाही. बाबा ते घालायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते पहाटे थांबलं. मी घाबरून मालकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, सकाळी हळूच दहा-बारा फेरे द्या, बास.

तेव्हा बाबांना हवं होतं ते चावीचं घड्याळ त्यांना मिळालंच. ५८० फ्रँकला हे घड्याळ घ्यावं, असं माझं मत आहे. घेण्याआधी मशीनचं नाव विचारा आणि ते तुमच्या गावच्या घड्याळजींना सांगून बघा. बाबा रोज सकाळच्या बातम्यांआधी रेडिओजवळ बसून दहा फेरे देतात. दर रविवारी वेळ लावतात, आणि आठवड्याला पन्नास सेकंद पुढे जातं असं मला फोनवर सांगतात.